बेगम बाजारातला बरण्यांचा हंगाम

एप्रिल अर्ध्यावर आला की हैदराबादेत आमच्या काचीगुड्याच्या रस्त्याला आंबट वास सुटतो. कडेला कैऱ्यांचे ढीग पडतात. ढिगांमागे लाकडी पाटावर भलेमोठे अडकित्ते मांडून माणसं बसतात आणि सकाळपासून खटाखट सुरू होते. इथली आवकाय असो की आपलं मेथी-हिंगाचं लोणचं, फोडीला कोयीचं टणक कवच चिकटलेलं हवं, नाहीतर फोड चार महिन्यांत मऊ पडते. घरच्या विळीला ते जमत नाही. म्हणून लोक कैऱ्या विकत घेतात, तिथेच फोडून घेतात, आणि कोयीतला गर काढत, फोडी पुसत बायका घरी दिवसभर पंख्याखाली बसतात. या दिवसांत इथल्या कुठल्याही जिन्यात शिरलं तरी मोहरीच्या पुडीने नाक हुळहुळतं.

यंदाही ढीग पडलेत. सरकारी नोकरीतून मोकळी झाल्यापासून मला रस्त्यात थांबायला वेळ आहे. मी थांबते आणि कैरी घेणाऱ्यांची गंमत बघते. कुणी कैरी नाकाशी नेतं, कुणी नखाने टोचतं, कुणी फोनवर आईला विचारतं की किती घेऊ. पूर्वी मला यातलं काही दिसत नसे. दुकानदाराची मुलगी असूनही दिसत नसे. बघायचं कसं असतं ते मी फार उशिरा, माझ्या वहिनीकडून शिकले. त्या एका हंगामात शिकले, असंही म्हणता येईल.

बेगम बाजारात आमचं चिनी मातीच्या बरण्यांचं दुकान. आजोबा देगलूरकडची शेती भावांवर सोडून हैदराबादला आले, आणि बापूंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हे दुकान काढलं. बरण्या खाली पांढऱ्या आणि खांद्यापासून वर तपकिरी. तेलुगू बायका त्यांना जाडी म्हणायच्या, जुन्या शहरातली गिऱ्हाइकं मर्तबान म्हणायची, आम्ही बरणी म्हणायचो; बापू समोरचा माणूस बघून शब्द बदलत. वर्षभर दुकानात कप, कुंड्या, हॉटेलांची भांडी असं काहीबाही चाले. पण खरा व्यवहार मार्च ते जूनचा. मार्चमध्ये उत्तर प्रदेशातल्या खुर्ज्याहून लॉरी यायची आणि गवतात गुंडाळलेल्या बरण्या आतल्या दालनात उभ्या राहायच्या, पुढे लहान, मागे मोठ्या, अगदी भिंतीपर्यंत. त्या गवताला एक सुका, धुरकट वास असे. मी लहानपणी त्यावर झोपत असे.

गिऱ्हाइकाने बरणी पसंत केली की बापू ती बोटातल्या अंगठीने ठोकून बघत. शाबूत बरणी घंटेसारखी वाजते. केसाएवढी चीर असली तर आवाज बसका येतो, आणि अशी बरणी तेल धरत नाही, हळूहळू पाझरते. बापूंनी ठोकून दिलेली बरणी परत आली नाही, ही बाजारातली आमची पत होती. समोरचे मसालेवाले पाहुण्यांना आमच्याकडे पाठवायचे ते याच भरवशावर.

मी सांगते आहे तो हंगाम दहाएक वर्षांपूर्वीचा. शहरभर मेट्रोचे खांब उभे राहत होते, रस्ते पत्र्यांनी अडवले होते. बापूंनी पंचाहत्तरी ओलांडली होती. त्यांच्याबरोबर दुकान बघणारा माझा मोठा भाऊ, सुधाकरदादा, ऐन मार्चअखेरीला काविळीने आडवा झाला. मी त्यांच्याच घरात राहायची, दरवर्षी हंगामात पंधरा दिवस रजा काढून दुकानात बसायची, पण माझे पंधरा दिवस पुरणार नव्हते. तेव्हा दादाची बायको, शैलावहिनी, दुकानात आली. लग्न होऊन पंचवीस वर्षं झाली होती, पण दुकानाची पायरी ती तोवर डबा द्यायलाच चढली होती. माहेर उदगीरचं, वडील शाळामास्तर. व्यापार तिच्या घरात कुणी केलेला नव्हता.

पहिले तीन दिवस ती दाराजवळच्या स्टुलावर नुसती बसून राहिली. मी बिलं फाडत होते, बापू माल दाखवत होते, आणि मला मनातून वाटत होतं की हिला निदान गवत तरी झाडायला सांगावं. विक्री थंड होती. त्याचं कारण आमच्याकडे तयार होतं: रस्ते. शेजारच्या कोठी भागातून यायला माणसाला तास लागतो, मग कोण येणार. बापू हेच म्हणत, मी हेच म्हणे, शेजारचे दुकानदारही हेच म्हणत, आणि सगळे एकच कारण सांगत असल्यामुळे ते खरं वाटत असे.

चौथ्या दिवशी डबा खाताना वहिनी मला म्हणाली, "वन्सं, बायका बरणी उचलतात आणि खाली ठेवतात. तुमच्या लक्षात आलं का?"

मी म्हटलं, वजन बघत असतील.

"तेच म्हणते मी. बरणी घ्यायची असली की बाई आत हात घालून बघते, वास घेते. या उचलून बघतात. यांच्या घरी ती उचलणारं दुसरं कुणी नाही."

मी तेव्हा हसले असेन. पण दुपारनंतर मी बघायला लागले, आणि तसंच होतं. बाई यायची, मोठ्या बरणीच्या खांद्याला धरून ती जमिनीपासून वीतभर उचलायची, परत ठेवायची, आणि मग विचारायची, "चिन्न जाडी उंदा?" लहान आहे का? लहान बरण्या आठव्या दिवशीच संपल्या. मोठ्या आत रांगेने उभ्या होत्या, त्यांच्यावरचं गवतही निघालं नव्हतं.

आणखी एक गोष्ट तिने दाखवली. त्या वर्षी बरण्यांपेक्षा नुसती झाकणं जास्त जात होती. बापूंना याचा अभिमान वाटे. आमची बरणी वीस वर्षं टिकते, झाकण फुटलं तर माणूस आमच्याकडेच येतो, असं ते समोरच्याला सांगत. वहिनीने मान डोलावली आणि संध्याकाळी घरी जाताना रिक्षात मला म्हणाली की ज्याला झाकण हवं त्याच्या घरी बरणी आहेच; तो आपल्याकडे बरणी घ्यायला कधी येणार? रिक्षा पत्र्यांच्या कडेने सरकत होती.

तिने हे बापूंनाही सांगून पाहिलं. ते रागावले नाहीत. हंगाम अजून वर आलेला नाही, लग्नं उरकली की गर्दी होईल, असं म्हणाले आणि तिच्यासाठी गार ताक मागवलं.

पण तिला नुसती पडझडच दिसत होती असं नाही. दुकानात येणारं जवळपास प्रत्येक माणूस जाताजाता एक गोष्ट विचारी: कैऱ्या कुठे फोडून मिळतील? मोहरी कुठली घेऊ, मिरचीपूड किती घालू, तेल कोणतं? बापू हात करून भाजीबाजाराची दिशा दाखवत. मसाल्यासाठी समोरच्या दुकानाकडे बोट करत. हे इतक्या वर्षांचं होतं की तो प्रश्न आम्हाला ऐकूच येत नसे. वहिनीने खडू घेतला आणि आतल्या भिंतीवर, कुणी हा प्रश्न विचारला की एक रेघ, अशा रेघा ओढायला सुरुवात केली. चार दिवसांत दाराएवढी भिंत पांढरी झाली. मी थट्टेने म्हटलं की आमच्या कचेरीतसुद्धा इतकी हजेरी भरत नाही.

ती म्हणाली, "माणसं आपल्या दारात येऊन सांगतायत त्यांना काय पाहिजे ते. आपण त्यांना पत्ता सांगून वाटेला लावतोय."

याच सुमारास एक टीचरम्मा आली. निवृत्त शिक्षिका, दोन्ही मुली परदेशात, एकटी राहणारी. आठवड्यापूर्वी बरणी घेऊन गेली होती. ती भांडायला आली नव्हती, आणि म्हणूनच बापूंना ते जास्त लागलं. ओट्यावर तेलाचं वर्तुळ उमटलंय, पुसलं तरी पुन्हा उमटतं, एवढंच ती अर्ध्या तेलुगूत, अर्ध्या दखनीत सांगत होती. बापू ताठ उभे राहिले. "ठोकके दिया था मैं, अम्मा," ते म्हणाले, आणि पुन्हा तेच म्हणाले. वहिनीने मध्ये पडून माफी मागितली, दुसरी बरणी काढली, बापूंच्या आधी स्वतःच ती बोटाने वाजवली आणि बांधून दिली. बाई गेल्यावर बापूंनी सांडलेलं गवत गोळा केलं. मग म्हणाले, वाटेत आपटली असेल.

मलाही तेच वाटलं. म्हणजे, मी ते वाटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी वहिनीने मला आतल्या दालनात बोलावलं. मोठ्या बरण्यांच्या रांगेत गवताच्या ढिगाशी आम्ही उभ्या होतो. तिने आवाज अगदी खाली आणला.

"मामंजींना ऐकू येत नाहीये, वन्सं."

तिने मला काय काय सांगितलं ते आजही क्रमाने आठवतं. बापू बरणी ठोकतात तेव्हा कान तिच्याकडे नेत नाहीत. ठोकतात आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघतात. गिऱ्हाइकाचा चेहरा समाधानी दिसला की ते म्हणतात, बरणी चांगली आहे. बोलणाऱ्याच्या ओठांवरून ते शब्द ओळखतात. डाव्या बाजूने हाक मारली तर वळत नाहीत. घरात टीव्हीचा आवाज त्यांनी वाढवला की आपण म्हणतो, क्रिकेट लागलंय.

मला राग आला. कशाचा आला ते नीट सांगता येत नाही. मी म्हणाले, वडील माझे आहेत, मला कळलं नसतं का?

"तुमचे आहेत म्हणून तर तुम्हाला सांगितलं," ती म्हणाली आणि बाहेर गेली.

मी दुपारी बापूंच्या डाव्या बाजूला, जरा मागे, दोन हातांवर उभी राहिले. ते समोरच्या मसालेवाल्याचा माल उतरताना बघत होते. मी नेहमीच्या आवाजात म्हटलं, बापू, चहा सांगू का? ते बघतच राहिले. मी पुन्हा म्हटलं. मग मी पुढे जाऊन समोर उभी राहिले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हसले आणि म्हणाले, "काय गं, चहा सांगतेस का?" त्या हसण्यात इतकी सफाई होती की हे किती दिवसांपासून चाललं असेल याचा मला अंदाज आला. मी कचेरीत फायली वाचून चुका काढणारी बाई म्हणून प्रसिद्ध होते. हा माणूस रोज माझ्यासमोर जेवत होता.

त्यांना सांगायचं की नाही, यावर आमचा वाद झाला नाही. बरणी ठोकणं काढून घेतलं तर त्यांच्याकडे काय उरतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. आणि फुटकी बरणी पुन्हा बाहेर गेली तर दुकानाकडे काय उरतं, हेही. वहिनीने मार्ग काढला. बापूंनी ठोकून पसंत केलेली बरणी ती 'गवतात बांधून आणते' म्हणून आत न्यायची, तिथे घराच्या किल्लीने वाजवून बघायची, आणि संशय आला तर त्याच मापाची दुसरी बांधून आणायची. माझी रजा संपेपर्यंत तिने अशा चार बरण्या बाजूला काढल्या. मी त्या गवताखाली झाकून ठेवल्या. एकही बरणी पुन्हा परत आली नाही, आणि बापू पुन्हा सैल होऊन गिऱ्हाइकांशी तीन भाषांत गप्पा मारू लागले.

हंगाम काही वर आला नाही. लग्नं उरकली, ऊन पेटलं, आणि मग ते उतरायला लागलं. मोठ्या बरण्या अर्ध्याहून जास्त उरल्या. मेअखेरीला दादा उठून दुकानात आला, डोळे अजून पिवळसर, कानाला रुमाल बांधलेला. वहिनीने त्याला सांगितलं की पुढच्या वर्षी अर्धाच माल मागवायचा, त्यातही लहान, आणि रिकाम्या झालेल्या दालनात कैऱ्या फोडणारी माणसं बसवायची. मसाला मापाने बांधून द्यायचा. दादा म्हणाला, लोक हसतील. बापू म्हणाले, आपण बरण्या विकतो, कैऱ्या फोडणं आपलं काम नाही. ती दोघांशीही वाद घालत बसली नाही. दादाचा हात धरून तिने त्याला आत नेलं आणि खडूने भरलेली भिंत दाखवली, कशाच्या रेघा ते सांगितलं. दादा भिंतीसमोर बराच वेळ उभा होता. तो हिशोबी माणूस नाही, पण इतकं कुणालाही कळलं असतं.

पुढच्या एप्रिलमध्ये यादम्मा आली. ती आधी भाजीबाजाराबाहेर उन्हात, डोक्यावर ओलं फडकं टाकून कैऱ्या फोडत बसायची. वहिनी स्वतः जाऊन तिला घेऊन आली. पंख्याखाली जागा, पाणी, आणि जोडीला तिची जाऊ. पहिल्या आठवड्यात चिकाने फरशीची राड झाली, बापू कुरकुरले, एकदा घसरता घसरता वाचले. पण लोक आले. कैऱ्या फोडून घ्यायला आले, आणि फोडी कशात भरणार म्हणून लहान बरणी घेऊन गेले. फोडी होईपर्यंत त्यांना थांबावं लागे. मग बापू त्यांच्याशी बोलत बसत. कुठल्या गावच्या, आवकायीत लसूण घालता का, मुलं कुठे. थांबलेल्या माणसांशी बोलण्यात बापूंचा हात धरणारा कुणी नव्हता. लोक त्यांच्या समोर बसत, तोंड त्यांच्याकडे करून बोलत. त्यांना सगळं कळत असे.

बापूंच्या शेवटच्या उन्हाळ्यात एका दुपारी वीज गेली होती. पंखा बंद, यादम्मा बाहेर सावलीत जाऊन बसलेली, दुकानात आम्ही दोघंच. मी त्यांच्या उजव्या बाजूला बसले होते. ते आपण होऊन म्हणाले, "शैला बरणी आत नेऊन ठोकून बघते. मला ठाऊक आहे."

मी पुठ्ठ्याने त्यांना वारा घालत राहिले.

"मला ऐकू येईनासं झालं ते तिच्या आधी मलाच कळलं होतं. सांगितलं असतं तर तुम्ही मला घरी बसवलं असतं."

आम्ही बसवलं असतं, यात शंका नाही. ते त्या हिवाळ्यात गेले. त्यानंतर मला पुष्कळदा वाटत आलंय की धंद्यातली वाईट खूण दिसत नाही असं फारसं होत नसावं. ती बहुधा ज्याला सगळ्यात आधी दिसते त्याच्याकडेच लपवायला सगळ्यात जास्त कारण असतं. आणि चांगली संधी दिसत नाही, कारण ती रोज, त्याच शब्दांत, दारात येऊन उभी राहते. वहिनीला दोन्ही दिसल्या. ती हुशार आहे हे खरं, पण तिथे तिचं झाकण्यासारखं काही नव्हतं, हेही तितकंच खरं असावं. पंचवीस वर्षं तिला कुणी काही विचारलं नव्हतं, त्यामुळे तिला कुठलंच आधीचं मत सांभाळायचं नव्हतं.

परवा मी दुकानात गेले. यंदा गर्दी आहे. आता दुकानात तीन अडकित्ते चालतात, मसाल्याच्या पुड्यांची रांग लागलेली असते. मागच्या दोन-तीन वर्षांत तरुण जोडपी येऊ लागली आहेत. ती यादम्माच्या हातांचे फोटो काढतात, लहान बरणी छातीशी धरून स्वतःचे काढतात, हसतात, घेऊन जातात. दादा खुशीत होता. पुढच्या वर्षी शेजारचा गाळा मिळतोय, तो घेऊ, असं मला सांगत होता. वहिनी दाराशी खुर्ची टाकून बसली होती. केस पूर्ण पांढरे झालेत, गुडघे धरलेत, पण बसायची जागा तीच.

दुपारी गर्दी ओसरली तेव्हा ती दादाला म्हणाली, "गाळा घेऊ नका. आणि पुढच्या वर्षीचा माल अजून सांगू नका."

दादाने हसून गर्दीचं काय, असं विचारलं.

"यंदा कुणी घासाघीस केली नाही," ती म्हणाली.

दादा म्हणाला, मग बरंच की. तिने मान हलवली. ज्या बाईला दरवर्षी लोणचं घालायचं असतं ती भाव करते, कारण तिला पुन्हा यायचं असतं. हौसेने आलेला माणूस सांगाल ते देतो आणि पुन्हा दिसत नाही. गेल्या वर्षीचे चेहरे मी रोज शोधतेय, असं ती म्हणाली, आणि तिने यादम्माला विचारलं. यादम्मा फोडी पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "सच्ची बोल रई अम्मा. सब नये लोगां आ रैं."

दादाचा चेहरा उतरला. मला त्याचं वाईट वाटलं. पासष्टीला आलेल्या माणसाने मोठ्या हौसेने काहीतरी ठरवलेलं असतं. वाटलं, तो आता बापूंसारखंच म्हणेल, हंगाम वर येऊ दे. तो आत गेला. पाणी प्याला, मसाल्याच्या दोन पुड्या उगाच सरळ केल्या, आणि पुन्हा दारात आला.

"मग करायचं काय?" त्याने विचारलं.

"अजून दिसलं नाही," वहिनी म्हणाली.

हे तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. दादानेही ऐकलं. मग धोतर सावरत तिच्या खुर्चीशेजारी पायरीवर बसला. समोरून हमाल पोती घेऊन चालले होते, एक बाई स्कूटरवर बसूनच भाव विचारत होती, कुणाचा तरी हॉर्न अडकून वाजत होता.

"कुठे बघायचं असतं?" त्याने विचारलं.

वहिनीने हनुवटीने रस्त्याकडे खूण केली, आणि खुर्ची जराशी सरकवून त्याला जागा करून दिली.